माहीमचा मेळा दरवर्षी डिसेंबरातच कसा काय येतो? (आणि मखदूमबाबा नेमके कोण?)

फाटकाबाहेरचा
मंडळी, प्रश्न साधाच आहे पण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो म्हणून इथे टाकतोय. माहीम दर्ग्याचा मेळा, मखदूमबाबांचा, दरवर्षी डिसेंबरात भरतो. आता हिजरी कॅलेंडर चंद्राचं, वर्षाला दहा-अकरा दिवस मागे सरकतं, त्यामुळे रमझान कधी मे महिन्यात तर कधी थंडीत. मग हा मेळाच डिसेंबरात ठाण मांडून कसा बसलाय?
दुसरं म्हणजे पहिली चादर पोलिसांची. माहीम पोलिस ठाण्यातून बँड लावून मिरवणूक निघते, अधिकाऱ्यांच्या डोक्यावर संदलचं (चंदनाच्या लेपाचं) तबक, मागे फुलांची चादर धरलेले हवालदार. हे काय प्रकरण आहे?
आणि तिसरं, बाबा मुळात होते कोण? खालचा किराणावाला म्हणतो मोठे वली (संत) होते, जे मागाल ते मिळतं. ऑफिसातला एकजण म्हणतो वली बिली नंतर, आधी ते विद्वान होते, ग्रंथ लिहिलेत. गूगल करून चिकटवू नका राव, ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

टिकलूपंत
डिसेंबरात कारण मुंबईकराला वर्षातून एकदाच स्वेटर घालून आकाशपाळण्यात बसता येतं. प्रश्न सुटला, धागा बंद करा.

मेतकूट
मला बाबांबद्दल शष्प माहिती नाही पण मेळ्यातला हलवा-पराठा माहितीय. तो पराठा बघितलायत का कुणी? मोठ्या परातीएवढा, काठाला करपलेला, मध्ये मऊ, गाडीवर एकावर एक चळत लावलेली असते आणि माणूस हाताने फाडून वजनावर देतो. वर केशरी रव्याचा शिरा. कागदातून तूप गळायच्या आत खायचा.

टिकलूपंत
@मेतकूट, शिऱ्याला हलवा म्हणायचं नाही माहिमात. माहीमचा हलवा म्हणजे तो पातळ चौकोनी, मधे बटरपेपर घातलेला. भांडणं होतील.

मेतकूट
दोन्ही हलवेच. पोटात गेल्यावर सगळं एक.

केबिनशेजारी
पोलिसांबद्दल मी सांगते. माझे मामा पोलिसात होते, काही वर्षं मुंबईतच ड्युटी. त्यांच्याकडून ऐकलेलं असं की आत्ता जिथे माहीम पोलिस ठाणं आहे तिथेच बाबांचं राहतं घर होतं असं मानतात. म्हणून मिरवणूक तिथून निघते. सीनियर साहेबांच्या ऑफिसला लागून एक खोली आहे, तिथे एक स्टीलचं कपाट आहे आणि त्यात बाबांच्या वस्तू म्हणून जपलेली हिरवी शाल वगैरे आहे. ते कपाट वर्षातून एकदाच, मेळ्याच्या वेळी उघडतात. मामा कट्टर देवभोळे नव्हते, पण त्या खोलीत शिरताना बूट बाहेर काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं, सगळेच काढायचे.

कोळीवाडा_एक्सप्रेस
मी वेगळं ऐकलंय. बाबा शेवटच्या आजारात पडलेले आणि एका पोलिसाने त्यांना पाणी पाजलं, त्या उपकाराची परतफेड म्हणून पहिला मान पोलिसांना.

चुलतसासरे
आणि मी तिसरं! एक हवालदार स्मगलरच्या मागावर होता, बाबांनी वाट दाखवली, माल पकडला गेला. लहानपणी आमच्या बिल्डिंगमधल्या वॉचमनने सांगितलेली गोष्ट, त्यात सोन्याची बिस्किटं पण होती.

गॅझेटियरवाला
काय हो, मखदूम साहेब गेले १४३१ च्या सुमारास, हिजरी ८३५. मुंबईला पहिला पोलिस कमिशनर मिळाला १८६४ मध्ये, फ्रँक साउटर. मधल्या सव्वाचारशे वर्षांत पाणी पाजणारा हवालदार कुठून आणलात? आणि सोन्याची बिस्किटं तर चुलतसासऱ्यांनी सरळ हिंदी सिनेमातून आणलीत.
केबिनशेजारी यांनी सांगितलेलं मात्र लिखित परंपरेशी जुळतं, मिरवणूक पोलिस ठाण्यापासून निघते कारण ती जागा त्यांच्या घराची समजली जाते. मला त्यात एक गंमत दिसते. ठाणं नंतर आलं, घराची आठवण आधीची. म्हणजे मान जागेचा आहे, आणि त्या जागेवर जो बसलाय त्याच्याकडे तो आपसूक आला.

चुलतसासरे
बिस्किटं मागे घेतो. बाकी गोष्ट राहू द्या, छान आहे.

गॅझेटियरवाला
राहू द्या की. आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तिथे लोक सगळ्यात कमी बोलतात.
मखदूम फकीह अली माहिमी, जन्म १३७२ चा धरतात. घराणं नवायत. म्हणजे अरबस्तानाकडून पश्चिम किनाऱ्यावर येऊन स्थायिक झालेले व्यापारी, दर्यावर्दी लोक. तेव्हा मुंबई नावाचं काही शहर नव्हतं, माहीम हेच या बेटांमधलं नाव घेण्यासारखं बंदर, त्याआधी बिंब राजाची राजधानी, महिकावतीची बखर याच माहीमच्या नावाची (आणि केळवे-माहीमचीही, तो वाद इथे नको). त्यांच्या हयातीत इथे गुजरातच्या सुलतानांचा अंमल होता. अहमदाबाद वसवणारा अहमदशाह त्यांचा समकालीन, आणि त्याच्या अमलात ते या गावचे काझी होते असं सांगतात. नावातला ‘फकीह’ त्यातलाच, फिक्ह म्हणजे धर्मशास्त्र-कायदा जाणणारा.
शेवटची वर्षं फार शांततेची नव्हती. १४३० च्या आसपास बहामनी फौजेने माहीम घेतलं, मग गुजरातच्या सुलतानाने मुलाला पाठवून परत घेतलं. बंदरासाठी दोन सुलतानांची मारामारी चाललेली आणि हे गृहस्थ तिथेच अरबीत ग्रंथ लिहीत बसलेले.

फाटकाबाहेरचा
वा! पण काका, डिसेंबर?

गॅझेटियरवाला
डिसेंबरचं मला नीट माहीत नाही. कुणीतरी येईल.

निरीश्वर_नागपूर
मला एक सांगा भाऊ लोकहो. माणूस एवढा विद्वान होता म्हणता, तर तिथं जाणाऱ्या हजारातल्या किती जणांनी त्याची एक ओळ वाचली आहे? लोक जातात नवस फेडायला, धागा बांधायला, अंगात आलेलं उतरवायला. आमच्याकडे ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यात पण मी हेच पाहतो. ज्ञानी माणसाला मेल्यावर आपण कामाला लावतो, नोकरी लावून द्या, पोरगं पास करा. हा त्याच्या विद्वत्तेचा अपमान नाही का?

कोळीवाडा_एक्सप्रेस
आला नास्तिक. मेळ्यात एक तरी असतोच.

निरीश्वर_नागपूर
अरे मी शिवी नाही देत आहे ना बाप्पा, विचारून राहिलो.

बोरूबहाद्दर
निरीश्वर यांचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर देण्याआधी त्यांनी लिहिलं काय ते तरी सांगतो. थोडं लांबेल.
त्यांचा मुख्य ग्रंथ म्हणजे कुराणावरचं अरबी भाष्य, ‘तबसीरुर्रहमान’, लोकांत ‘तफसीर-ए-रहमानी’ म्हणून ओळखलं जातं. हिंदुस्थानात लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या पूर्ण भाष्यांपैकी एक. त्याची खासियत अशी. कुराणात ११४ सूरा म्हणजे अध्याय आहेत आणि त्यातली एक, तौबा, सोडली तर प्रत्येकीच्या सुरुवातीला तेच ‘बिस्मिल्लाह’ वाक्य येतं. बहुतेक भाष्यकार पहिल्या सूरेत त्याचा अर्थ सांगतात आणि पुढे जातात, तेच वाक्य पुन्हा काय समजवायचं. माहिमी तसं करत नाहीत. ते प्रत्येक सूरेतल्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या त्या सूरेच्या विषयाला धरून नव्याने लावतात. म्हणजे ११३ वेळा तेच वाक्य आणि दर वेळी वेगळं भाष्य. शिवाय एक आयत (वचन) दुसरीला कशी जोडलेली आहे, वरवर तुटक वाटणारा मजकूर आतून कसा सलग आहे, हे दाखवायचा त्यांचा सतत प्रयत्न असतो. आपल्याकडे टीकाग्रंथात संगती लावतात ना, तसं.
हे भाष्य १२९५ हिजरी म्हणजे १८७८ साली कैरोजवळच्या बुलाक छापखान्यात दोन खंडांत छापलं गेलं. बुलाक म्हणजे इजिप्तचा सरकारी छापखाना, अरबी छपाईतलं त्या काळचं सगळ्यात मोठं नाव. माहीमच्या खाडीकाठी लिहिलेलं पुस्तक साडेचारशे वर्षांनी कैरोत छापावंसं वाटलं, यातच काय ते आलं.
याशिवाय इब्न अरबी या सूफी तत्त्वज्ञाच्या ‘फुसूस’वर टीका (म्हणजे भाष्य), सुहरवर्दी या सूफींच्या ‘अवारिफ’वर टीका, शरियतच्या नियमांमागची कारणं सांगणारा ग्रंथ, शाफई या सुन्नी पंथाच्या लोकांसाठी फिक्हचं छोटं पुस्तक.

मेतकूट
११३ वेळा!! आमचे सर एकच गणित दोनदा समजवायचे नाहीत.

पानवलकर
इब्न अरबीवर टीका म्हणजे वहदत-उल-वुजूद, सगळं अस्तित्व एकच. म्हणजे सरळ सरळ अद्वैत झालं की! ज्ञानेश्वरी १२९० ची, हे शे-सव्वाशे वर्षांनंतरचे, आणि दोघं एकाच मुलखात. ज्ञानेश्वरांचा प्रभाव असणार हे उघड आहे.

बोरूबहाद्दर
पानवलकर, थांबा. साम्य दिसतं हे मान्य, एकच सत् आहे आणि बाकी त्याचं प्रकटणं, हे ऐकायला आपल्याला घरचं वाटतं. पण इब्न अरबी वारला १२४० मध्ये दमास्कसला, ज्ञानेश्वरीच्या पन्नास वर्षं आधी. माहिमींकडे तो विचार अरबी ग्रंथांतून आला. आणि त्यांची सगळी खटपट हा विचार कुराणाच्या चौकटीत बसतो हे दाखवायची आहे, कारण त्या काळात आणि नंतरही बऱ्याच उलेमांना इब्न अरबी पटत नव्हता. त्यांच्यासमोरचा वाद वेगळा होता, माणसं वेगळी होती. मराठी संतांचा प्रभाव म्हणायला एक तरी धागा हाताला लागायला पाहिजे, मला तरी लागलेला नाही.

पानवलकर
म्हणजे एकाच किनाऱ्यावर राहून एकमेकांचं काहीच कानावर पडलं नाही? पटत नाही बुवा.

बोरूबहाद्दर
कानावर पडलं असेल, कोण नाही म्हणतंय. मी ‘उघड आहे’ या शब्दांवर हरकत घेतोय.

खाडीवरचा
सलाम सगळ्यांना. मी बाणकोट खाडीकडचा, कोकणी मुसलमान. धागा वाचत होतो, आता राहवेना.
आमच्याकडे बाबांना कुतुब-ए-कोकण, कोकणचे सर्वश्रेष्ठ संत, म्हणतात. तुम्हाला ते माहीमचे वाटतात, आम्हाला ते आमचे, पार खाली रत्नागिरीपर्यंत. आम्ही शाफई, आणि वर बोरूबहाद्दरांनी सांगितलेलं ते फिक्हचं पुस्तक आमच्या घरात ‘फिक्ह-ए-मखदूमी’ म्हणून नाव असलेलं. माझी नानी शाळेत गेलेली नव्हती, पण वजू कसा करायचा, नमाजात चूक झाली तर काय, हे सांगताना ‘मखदूमसायबांनी लिवलंय’ असं म्हणायची. तेव्हा निरीश्वरभाऊ, एक ओळ कुणी वाचली असं विचारलंत, तर वाचली नसेल, पण ऐकून ऐकून अंगवळणी पडलेली आहे.
आता आईची गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय बाबांचं नाव पुरं होत नाही. आई फातिमाबी. एका रात्री त्यांनी मुलाकडे पाणी मागितलं. मुलगा पाणी घेऊन आला तोवर त्यांचा डोळा लागलेला. उठवावं तर झोप मोडेल, निघून जावं तर जाग आल्यावर पाणी नाही. मग पेला हातात धरून तो रात्रभर उशाशी उभा राहिला. फजरच्या वेळी आईला जाग आली, पाहते तर मुलगा तसाच. तिने दुवा दिली आणि तिथून पुढे सगळं. माझी नानी ही गोष्ट सांगताना स्वतः पाणी मागायची आणि मी आणून दिलं की म्हणायची, जा आता, रात्रभर उभं राहू नको, तुला सर्दी होते.
दर्ग्यात बाबांच्या शेजारी आईची कबर आहे. बरेच लोक बाबांना सलाम करतात आणि आईला विसरून निघतात. तसं करू नका.

केबिनशेजारी
नानी भारी होत्या तुमच्या.

निरीश्वर_नागपूर
हे आवडलं खाडीवरचा. ‘मखदूमसायबांनी लिवलंय’ याला माझ्याकडे उत्तर नाही. पण नवसाचं म्हणणं सोडत नाही मी.

खाडीवरचा
सोडू नका की. आमच्यातपण भरपूर लोक तुमच्यासारखंच म्हणतात, मजारवर जाऊन मागणं बरोबर नाही म्हणून. आमच्या घरात एक भाऊ जातो, एक जात नाही. ईदला दोघं एका ताटात जेवतात.
आणखी एक दंतकथा. मुलाला शिकायला परदेशी जायचं होतं, आईला एकटीला सोडवेना. आईने दुवा मागितली, तर पहाटे समुद्रकिनारी हजरत खिज्र, गूढ ज्ञान देणारे अमर संत, येऊन शिकवू लागले. विद्येसाठी घर सोडावं लागलं नाही.

गॅझेटियरवाला
ही दंतकथा मला फार बोलकी वाटते. एवढा मोठा विद्वान, अरबीवर एवढी पकड, आणि शिकला कुठे, गुरू कोण, तर मोठं प्रसिद्ध नाव पुढे येत नाही. लोकांनाही तेव्हा हाच प्रश्न पडला असणार, की आपल्या गावचा हा पोरगा कुठे गेला नाही आला नाही, मग एवढं आलं कुठून? त्याचं उत्तर म्हणजे खिज्र. माझं साधं उत्तर, बंदर. अरबस्तानाकडून घोडे येत होते, मसाले कापड जात होतं, त्याच जहाजांतून माणसं आणि पोथ्या येत होत्या. घरी बसून जग येत होतं.

टिकलूपंत
म्हणजे पंधराव्या शतकातलं ऑनलाइन शिक्षण. खिज्रसर म्यूटवर आहेत.

खाडीवरचा
😂 नानीने ऐकलं असतं तर चप्पल आली असती, पण हसली पण असती.

धडाधड_लोकल
दोन मिनिटं ट्राफिकवर बोलू का? मेळ्याचे दहा दिवस कॅडेल रोडची वाट लागते. त्यात बुधवार आला तर सेंट मायकल चर्चचा नोव्हेना, दर बुधवारची प्रार्थना. बसेस वळवलेल्या, रात्री एक-दोनपर्यंत गल्लोगल्लीहून संदलच्या मिरवणुका येतायत, कुणी धारावीहून कुणी कुर्ल्याहून, प्रत्येकाचा बँड वेगळा, डीजे वेगळा. विद्वान माणसाच्या नावाने डीजे? बाबा असते तर त्यांनी लिहायला शांत जागा मागितली असती.

कोळीवाडा_एक्सप्रेस
आणि गणपतीत? तेव्हा कान कुठे असतात?

धडाधड_लोकल
तेव्हापण हेच बोलतो. माझे कान सर्वधर्मसमभावी आहेत.

दुचाकीश्वर
कुणाला माहितीय का, जेजे फ्लायओव्हरचं अधिकृत नाव काय? कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल! क्रॉफर्ड मार्केटपासून जेजे हॉस्पिटलच्या पुढे उतरतो तो. २००२ ला सुरू झाला, अडीच किलोमीटरच्या आसपास लांब. पाटी वाचायला मिळत नाही कारण त्याच्यावर दुचाकीला बंदी. बाबांच्या नावाच्या पुलाखालून मी रोज मोहम्मद अली रोडच्या गर्दीत रांगत जातो.

टिकलूपंत
माहीमच्या बाबांच्या नावाचा पूल माहीमला नाही आणि माहीमच्या पुलाला, कॉजवेला, पैसे दिले एका पारशी बाईंनी. लेडी जमशेदजींनी. १८४५ ला खुला झाला. आपल्या गावात सगळं असंच आडवं-तिडवं.

मेतकूट
माझ्या हलव्यासारखं.

गल्लीतला_गुप्तहेर
सगळं गोड गोड चाललंय, २०२३ मध्ये राज ठाकरेंच्या गुढीपाडव्याच्या भाषणानंतर समुद्रातलं ते बांधकाम दुसऱ्या दिवशी पाडलं त्यावर कुणी बोलणार की नाही? ते मखदूमबाबांच्या चिल्ल्याचं (ध्यानाच्या जागेचं) होतं की बेकायदा होतं?

संपादक
या विषयावर तेव्हा काढलेला धागा ९ पानांवर बंद करावा लागला होता. इथे मेळा, दर्गा, इतिहास एवढंच. पुढचा त्या विषयावरचा प्रतिसाद उडवला जाईल.

गल्लीतला_गुप्तहेर
जशी आज्ञा.

फाटकाबाहेरचा
संपादकांचे आभार. आता दर्ग्याच्या इमारतीबद्दल कुणी सांगेल का? आणि डिसेंबर!! डिसेंबर राहिलाच आहे!!

गॅझेटियरवाला
इमारतीचं सांगतो. मूळ कबर पंधराव्या शतकातली, पण आज दिसतो तो दर्गा वेळोवेळी वाढत गेलेला आहे. १५३४ च्या वसईच्या तहात गुजरातच्या सुलतानाने ही बेटं पोर्तुगीजांना दिली, पुढे १६६१ च्या लग्नाच्या करारात ती इंग्रजांकडे, १६६८ ला कंपनीकडे. या सगळ्यात कबर टिकली, जाणं-येणं टिकलं. दर्ग्याची मोठी दुरुस्ती आणि विस्तार १६७४ चा सांगतात, रायगडावर राज्याभिषेक झाला तेच वर्ष. पुढे १७४८ मध्ये आणखी वाढवला. आत घुमटाखाली सोनेरी काम, आरसे आणि अल्लाहची ९९ नावं लिहिलेली. कबरीभोवती चांदीचा कठडा. बाहेरून पांढरा घुमट बघून लोक परत फिरतात, खरं काम मान वर केल्यावर आहे.

खाडीवरचा
आणि त्यांच्या हातचं म्हणून जपलेलं कुराण आहे, रमझानच्या शेवटी बघायला ठेवतात. अक्षर असं की छापल्यासारखं. गर्दीत पुढे सरकवतात, एका पानापुरतीच नजर मिळते, पण ज्यांनी ते पाहिलंय ते शाईबद्दल बोलत बसतात.

बोरूबहाद्दर
हे बघायला मी मेळ्यापेक्षा जास्त आनंदाने येईन.

रेतीबंदर_आजी
मी फार लिहीत नाही, सुनेने टाइप करून दिलंय. लग्न होऊन आले तेव्हापासून माहीमला. हा डिसेंबरचा प्रश्न कुणालाच कसा सुटेना? अहो कॅलेंडर बघा. दत्तजयंती आणि मेळा एकत्रच येतात. मार्गशीर्ष पौर्णिमा. आमच्या बिल्डिंगमध्ये दत्ताचा पाळणा हलला की रेतीबंदरवरचे मेळ्यातले पाळणे सुरू झालेच म्हणून समजायचं. २०१७ साली दत्तजयंती ३ डिसेंबरला होती, मेळाही लवकर. २०१८ ला २२ तारखेला, मेळा महिनाअखेर. २०२३ ला दत्तजयंती २६ ला आली, तर मेळा थेट जानेवारीत संपला. सून म्हणते आई तुम्हाला तारखा कशा पाठ, तर तिने जुनी कॅलेंडरं काढून बघितली, बरोबर निघाल्या.

फाटकाबाहेरचा
आजी!!! साष्टांग. एवढे प्रतिसाद झाले आणि उत्तर कॅलेंडरवर.

पानवलकर
बघा! आता मी काही बोलणार नाही. बोरूबहाद्दरांनीच सांगावं.

बोरूबहाद्दर
पानवलकर, हा मुद्दा ज्ञानेश्वरीचा नाही पण दणदणीत आहे, मानलं. ग्रंथ अरबीतला, जत्रा मार्गशीर्षातली.

गॅझेटियरवाला
आजींनी एकदम मर्मावर बोट ठेवलं. आता घोळ सुटतो. वफातीचा, म्हणजे निधनाचा, दिवस हिजरीप्रमाणे, तो सरकत राहतो. मेळा म्हणजे जत्रा, ती इथल्या तिथीला धरून. कल्याणजवळचा हाजी मलंग आठवा, तिथली मोठी यात्रा माघी पौर्णिमेला. म्हणजे माहीम एकटं नाही. माझा अंदाज असा की भातकापणी झालेली, हाताशी थोडे पैसे, पाऊस नाही, समुद्र शांत, होड्या चालू, आणि पौर्णिमेचा उजेड, रात्री परतणं सोपं. कोकणातून, ठाण्याकडून, साष्टीतून लोकांना यायचं तर हीच वेळ. विजेचे दिवे येण्याआधी जत्रा अमावास्येला कोण भरवेल? अंदाज आहे, कागद नाही माझ्याकडे.

खाडीवरचा
अंदाज बरोबर असावा. आमच्याकडचे म्हातारे सांगायचे, आधी गलबताने यायचे मेळ्याला, भात झोडून झालं की निघायचं. पौर्णिमा असल्याचं त्यांनी कधी वेगळं सांगितलं नाही, त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच.

निरीश्वर_नागपूर
माझा नवसाचा मुद्दा वाहून गेला पण काही हरकत नाही. एक विचारतो, ते ११३ बिस्मिल्लाहवालं पुस्तक मराठीत आहे काय? हिंदीत? नास्तिक असलो तरी वाचायला काय जातं.

खाडीवरचा
मराठीत माझ्या पाहण्यात नाही. अरबी येणारा एखादा मौलवी आणि मराठी लिहिणारा एखादा माणूस एकत्र बसायला पाहिजे. किमान दहा-बारा बिस्मिल्लाहचं भाषांतर इथेच टाकता येईल.

बोरूबहाद्दर
मौलवी तुम्ही आणा, मराठी मी करतो. सुरुवात छोट्या सूरांपासून करू, शेवटच्या पाऱ्यातल्या (कुराणाच्या तीस भागांपैकी शेवटच्या भागातल्या). मोठ्या सूरेला हात घातला तर आपण संपू, ग्रंथ संपणार नाही.

खाडीवरचा
आमच्या गावच्या मदरशातले एक निवृत्त उस्ताद आहेत, दिसतं कमी पण पाठ सगळं. विचारतो.

केबिनशेजारी
मी पण वाचणार. आणि यंदा मेळ्याला जाऊ या का सगळे? पहिल्या रात्री पोलिसांची मिरवणूक बघायची, मग आत, मग आईच्या कबरीपाशी, मग मेतकूटचा पराठा.

धडाधड_लोकल
बुधवार सोडून कुठलाही दिवस. आणि माहीम स्टेशनवरून चालत या, गाडी आणू नका, कळकळीची विनंती.

दुचाकीश्वर
मी बाइकने येणार. पुलावरून नाही, खालून.

मेतकूट
किती किलो घ्यायचा ते आधी ठरवा, तिथे भांडण नको.

संपादक
कट्ट्यासाठी वेगळा धागा काढा. भाषांतरासाठीही वेगळा. इथे आता हलवा चालू झालाय.